नावे पुसल्याने माणूस अनोळखी होत नाही: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आरोग्य, शिक्षण, रोजगार आणि कर या खात्यांकडील नोंदी एकमेकींना जोडून त्या संशोधकांना उपलब्ध करून देण्याचे प्रस्ताव आपल्यापुढे येतात, तेव्हा त्यांत एक आश्वासन हमखास असते. नावे आणि ओळख क्रमांक काढून टाकले जातील, त्यामुळे कोणाच्याही गोपनीयतेला बाधा येणार नाही, असे ते आश्वासन. डेटा गोपनीयता आणि सुरक्षित वितरित संगणन, म्हणजे माहिती एका ठिकाणी न आणता अनेक संगणकांनी मिळून गणित करणे, हे माझ्या संशोधनाचे विषय आहेत. त्या अभ्यासाच्या आधारे मी आपणांस विनंती करते की, केवळ या आश्वासनावर विसंबून अशा कोणत्याही प्रस्तावाला मंजुरी देऊ नये.

नोंदी जोडण्याला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. कोणत्या उपचाराचा गुण येतो, कोणती मुले शिक्षण अर्धवट सोडतात, या प्रश्नांची उत्तरे एकाच खात्याच्या दप्तरात सापडत नाहीत. प्रश्न आहे तो ही उत्तरे मिळवण्यासाठी सगळ्यांची सगळी माहिती एका ठिकाणी उघडी ठेवावी लागते का, हा.

नावे काढण्याचा उपाय किती तोकडा आहे, हे १९९७ सालीच उघड झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी मिळवली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल क्रमांक ताडून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतात, असा अंदाज त्यांनी पुढे मांडला. नंतरच्या एका फेरतपासणीत हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आले. आकडा कमी झाला म्हणून दिलासा मिळण्यासारखे त्यात काही नाही. शिवाय जोडलेल्या नोंदींमध्ये अशा तीन नव्हे, शेकडो गोष्टी असतात.

यावर संगणकशास्त्राकडे उत्तर आहे आणि ते नवेही नाही. संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये असा प्रश्न मांडला की, आपापली माहिती परस्परांना न दाखवता अनेकांना मिळून एखादे गणित सोडवता येईल का. १९८८ पर्यंत सिद्ध झाले होते की, सहभागी पक्षांपैकी पुरेसे पक्ष प्रामाणिक असतील, तर कोणतेही गणित अशा रीतीने सोडवता येते. गणिताच्या दृष्टीने हा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. त्यामागची एक मूळ कल्पना मात्र साधी आहे. ३७ हा आकडा ५१२, उणे ३९० आणि उणे ८५ अशा तीन तुकड्यांत विभागून तीन वेगळ्या संस्थांच्या संगणकांवर ठेवला, तर तिघांची बेरीज पुन्हा ३७ होते. तुकडे योग्य मर्यादेत आणि निव्वळ यादृच्छिकपणे, म्हणजे कोणत्याही ठराविक नियमाविना, निवडले असतील, तर एका किंवा दोन तुकड्यांवरून मूळ आकड्याविषयी काहीही कळत नाही. लाखो नोंदी अशा विभागल्या, तरी प्रत्येक संस्था आपापल्या तुकड्यांची बेरीज करू शकते आणि शेवटी फक्त एकूण उत्तर जुळवले जाते. गुणाकार आणि तुलना यांसाठी संस्थांना आपसांत संदेशांची देवाणघेवाण करावी लागते, त्यामुळे वेळ अधिक लागतो. पण तेही शक्य आहे.

हे प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. डेन्मार्कमध्ये २००८ साली सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बीट लागवडीच्या करारांचा बाजारभाव याच पद्धतीने, कोणाचीही बोली उघड न करता ठरवण्यात आला. एस्टोनियात २०१५ मध्ये सुमारे एक कोटी कर नोंदी आणि पाच लाख शैक्षणिक नोंदी अशाच प्रकारे जोडून, शिकत असताना नोकरी केल्यामुळे विद्यार्थ्यांची पदवी लांबते का, हे तपासले गेले.

एस्टोनियाच्या उदाहरणातील एका तपशिलाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. तिथे तीन संगणक तीन निरनिराळ्या संस्थांच्या ताब्यात होते: एक शासकीय माहिती प्रणाली प्राधिकरणाकडे, एक अर्थ मंत्रालयाच्या तंत्रज्ञान केंद्राकडे आणि एक खासगी कंपनीकडे. या रचनेची सारी सुरक्षितता एका गृहीतकावर उभी असते, ते म्हणजे या संस्था संगनमत करणार नाहीत. तीनही संगणक एकाच खात्याच्या, एकाच अधिकाऱ्याच्या किंवा एकाच कंत्राटदाराच्या हाती असतील, तर कागदावर वितरित असलेली ही प्रणाली प्रत्यक्षात एकच तिजोरी ठरते, आणि जगातील कोणतेही कूटशास्त्र, म्हणजे माहिती गुप्त राखण्याचे गणित, ती उणीव भरून काढू शकत नाही. आम्ही संशोधक सिद्धता देऊ शकतो. ताबा कोणाकडे असावा, हे मात्र आपणच ठरवू शकता.

दुसरा निर्णयही आपलाच आहे. गणित कितीही गुप्तपणे केले, तरी उत्तर स्वतःच बोलते. एखाद्या गावातील रुग्णसंख्या आज १४ आणि एक कुटुंब वगळून विचारली असता १३ आली, तर त्या कुटुंबात एक रुग्ण आहे, हे लपून राहत नाही. इरिट दिनुर आणि कोबी निसिम या संगणकशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, पुष्कळ प्रश्नांना फार अचूक उत्तरे दिली, तर मूळ नोंदी जवळजवळ जशाच्या तशा उभ्या करता येतात. यावरचा उपाय म्हणून २००६ मध्ये डिफरन्शियल प्रायव्हसी ही संकल्पना आली. तिच्यात प्रत्येक उत्तरात मोजूनमापून थोडी यादृच्छिक चूक मिसळली जाते आणि प्रत्येक उत्तरागणिक किती गोपनीयता खर्च झाली, याचा हिशेब ठेवला जातो. हा खर्च किती असावा, हे ठरवणे म्हणजे आकडेवारीची अचूकता आणि व्यक्तीचे संरक्षण यांच्यात निवड करणे होय. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली गेली, तेव्हा लहान वस्त्यांच्या आकड्यांवरून मोठा वाद झाला. तो वाद उघडपणे झाला, हे मला योग्य वाटते. असा निर्णय प्रोग्रॅमरने एखाद्या फाइलमध्ये एक संख्या लिहून गुपचूप घेऊ नये.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, ज्या योजनेत दोन किंवा अधिक खात्यांच्या नोंदी जोडल्या जाणार आहेत, तिच्या मंजुरीपूर्वी नोंदी एका ठिकाणी न आणता तेच काम होऊ शकते का, याचे लेखी उत्तर संबंधित खात्याकडून घेतले जावे आणि ते प्रसिद्ध केले जावे. संगणकांचा ताबा परस्परांना न बांधलेल्या संस्थांकडे असावा आणि त्यांपैकी किमान एक संस्था शासनाबाहेरची असावी. प्रणालीचा प्रोग्रॅम बाहेरच्या तज्ज्ञांना तपासण्यासाठी खुला असावा. गोपनीयतेच्या खर्चाची मर्यादा आपल्या सहीने जाहीर व्हावी, आणि ती गाठली गेल्यावर पुढचे प्रश्न, मग ते कोणत्याही खात्याचे असोत, नाकारण्याचा अधिकार एका स्वतंत्र मंडळाला कायद्याने मिळावा.

आपली विश्वासू,
डेटा गोपनीयतेची एक अभ्यासक