बर्लिनची खोली आणि नियोजनाचा उपदेश

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकातील शिक्षणविषयक पुरवणीत बर्लिनमध्ये परवडणारी खोली कशी मिळवावी, यावर आलेला लेख वाचला. एक रात्र जाऊ द्यावी आणि मग शांत डोक्याने लिहावे असे ठरवले होते, परंतु सकाळी तो पुन्हा वाचला आणि डोके शांत राहिले नाही. विद्यार्थी आळस करतात, सहा महिने आधी शोधाला लागत नाहीत आणि मग ऑक्टोबरात आईवडिलांकडे पैशांचा तगादा लावतात, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. ज्यांची मुले आज त्या शहरात खोलीसाठी वणवण करीत आहेत, अशा अनेक घरांत आपले दैनिक येते, याची लेखकमहाशयांना कल्पना असावी अशी अपेक्षा आहे.

सहा महिने आधी शोधायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांनी सांगितले असते तर उपकार झाले असते. बर्लिनमध्ये विद्यार्थी राहतात ते बहुतेक भागीदारीच्या घरांत. तिथे एक जण जाणार असे ठरले की उरलेले त्याच्या जागी कोणीतरी शोधू लागतात, आणि ती जाहिरात फार तर पुढच्या महिन्या-दीड महिन्याची असते. शिवाय येणाऱ्याला स्वयंपाकघरात समोर बसवून, चार प्रश्न विचारून, त्याच्याशी आपले जमेल की नाही हे पाहिल्याशिवाय ती मंडळी कोणाला घेत नाहीत. एप्रिल महिन्यात पुण्यातून पाठवलेल्या अर्जाला तिथून उत्तरही येत नाही. जे उत्तर तत्परतेने येते, ते सध्या परदेशी असलेल्या आणि अनामत रक्कम मिळताच किल्ली कुरिअरने पाठवणाऱ्या एखाद्या सज्जन घरमालकाचे असते, आणि त्याच्या नादी लागून पैसे घालवलेली मुले आमच्या ओळखीत आहेत. राहता राहिली विद्यार्थी वसतिगृहे. शहरात विद्यार्थी दोन लाखांच्या आसपास आणि तिथल्या सरकारी विद्यार्थी कल्याण संस्थेकडे जागा साधारण नऊ हजार, त्यामुळे प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवायचे आणि पदवी हातात पडेपर्यंत विसरून जायचे, अशीच रीत आहे.

आता आकड्यांविषयी. माझी सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे ही सवय सुटत नाही, त्याबद्दल क्षमस्व. व्हिसासाठी विद्यार्थ्याने गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, जी रक्कम ठेवावी लागते, ती सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो झाली, म्हणजे महिन्याला 992. हा आकडा जर्मन सरकार आपल्याच विद्यार्थ्यांना जे शिक्षणसाहाय्य देते, त्याच्या कमाल मर्यादेवरून घेतलेला आहे, आणि त्यात राहण्यासाठी धरलेली रक्कम आहे फक्त 380 युरो. लेखातला ‘चारशेच्या आत खोली’ हा शोध बहुधा इथूनच लागला असावा. सरकारने कागदावर धरलेले भाडे आणि घरमालकाने मागितलेले भाडे या दोहोंत अंतर असते, हे भाड्याच्या घरात कधीही राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. माझ्या मुलीने नॉयकोल्न भागात घेतलेल्या फर्निचरसह खोलीचे भाडे साडेसहाशे युरो होते. आरोग्यविम्याचे सव्वाशेहून अधिक वजा करा, आणि उरलेल्या दोनशेच्या आसपासच्या रकमेत महिनाभर जेवण, मोबाइल आणि पुस्तके बसवण्याचे नियोजन लेखकांनी पुढच्या रविवारी जरूर समजावून सांगावे.

परंतु पैशांचे दुःख मी एक वेळ सोडून देते. ज्या गोष्टीने आमचे सारे घर हवालदिल झाले, तिचा लेखात उल्लेखही नाही. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो. तिथली आपली मुले त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्या नोंदीसाठी, हा इसम माझ्या घरात राहायला आला आहे, असा घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो. त्या कागदाशिवाय नोंद नाही, नोंदीशिवाय पोस्टाने येणारा कर-क्रमांक नाही, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी जो निवास परवाना घ्यावा लागतो त्यालाही तीच नोंद लागते. खोलीसाठी पैसे मोजून, खोलीत झोपूनही मूल सरकारदरबारी बेपत्ताच राहते.

मुलीला खोली देणाऱ्या बाई स्वतः भाडेकरू होत्या. घर ज्या कंपनीचे होते, तिची परवानगी न घेता त्यांनी खोली पोटभाड्याने दिलेली होती, आणि तो कागद देणार नाही हे त्यांनी पैसे घेऊन झाल्यावर सांगितले. इतकेच करून त्या थांबल्या नाहीत. बर्लिनच्या इमारतींत घरांना आपल्यासारखे क्रमांक नसतात. पोस्टमन दारावरची बेल आणि खालच्या टपालपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो, आणि पेटीवर आडनाव नसेल तर पत्र आले तसे परत जाते. मुलीने कागदाच्या पट्टीवर आमचे आडनाव लिहून ते बाईंच्या नावाखाली चिकटपट्टीने लावले. संध्याकाळी ती वर्गावरून आली, तेव्हा ती पट्टी सोलून काढलेली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या कपाखाली व्यवस्थित ठेवलेली होती. इमारतीचा व्यवस्थापक नावे पाहत फिरतो, हे बाईंचे कारण. बँकेचे कार्ड परत गेले. विमा कंपनीचे पत्रही परत गेले आणि पुढे त्यावरून निराळाच पत्रव्यवहार करावा लागला. कोथरूडमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर मुले ठेवणारे घरमालक मी आयुष्यभर पाहत आले आहे, त्यामुळे या वर्गाविषयी माझ्या कल्पना भाबड्या नाहीत, पण टपालपेटीवर नाव लावू न देणारा त्यांच्यातही मला आठवत नाही.

घर देणाऱ्याने हा कागद देणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे आणि न दिल्यास हजार युरोपर्यंत दंड आहे, हे मलाही पुढे वाचून समजले. तथापि जिच्याकडे लेखी करार नाही, जिचा परवाना अजून व्हायचा आहे आणि जिला उद्या रात्री झोपायला दुसरी जागा नाही, अशा मुलीने कोणाविरुद्ध आणि कोणत्या तोंडाने तक्रार करायची? अखेर शहराच्या पार पश्चिमेला, श्पांडाऊमध्ये, एका आजींच्या घरात तिला खोली मिळाली आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सही करून कागद हाती ठेवला. विद्यापीठापर्यंतचा प्रवास लांबला, पण त्याचे आता कोणालाच काही वाटत नाही. आधीच्या बाईंकडची अनामत मात्र आजतागायत परत आलेली नाही.

‘बर्लिनमध्ये भाड्यावर सरकारी मर्यादा असल्यामुळे चिंता नको’ हे लेखातील वाक्य तर थेट दिशाभूल करणारे आहे. बर्लिन राज्याने 2020 मध्ये भाडी गोठवणारा कायदा केला होता खरा, परंतु असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला नाही, असे सांगून जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो एप्रिल 2021 मध्ये रद्दबातल ठरवला आणि कमी भाडे भरलेल्या अनेकांवर मागची थकबाकी भरण्याची वेळ आली. उरला 2015 चा केंद्रीय कायदा. त्यानुसार नव्या भाडेकरूकडून त्या भागातील प्रचलित भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढीव भाडे घेता येत नाही, मात्र ऑक्टोबर 2014 नंतर प्रथम वापरात आलेली घरे आणि तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरे त्यातून वगळली गेली. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात त्या खोल्या नेमक्या अशाच, काही महिन्यांच्या मुदतीच्या आणि फर्निचर घातलेल्या. एक पलंग, एक कपाट आणि एक दिवा ठेवला की भाडे कसे वाढते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

टंचाईचे खापर ‘बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्यावर’ फोडण्याआधी लेखकांनी निदान 2004 साल आठवायचे होते. कर्जात बुडालेल्या त्या शहराने त्या वर्षी आपल्या मालकीची एक गृहनिर्माण कंपनी, सुमारे 65 हजार घरांसकट, 40 कोटी 50 लाख युरोंना विकून टाकली. दर घरामागे सहा-सव्वासहा हजार युरो पडले. सप्टेंबर 2021 च्या सार्वमतात मोठ्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत, या बाजूने 59 टक्के मते पडली. मतदान होऊन गेले, समिती बसली, अहवाल आला आणि घरे जिथल्या तिथे आहेत. यात आमच्या मुलांचा लोंढा कुठे बसतो, ते मला दिसले नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर लेखाच्या खाली परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेची ठळक जाहिरात आहे आणि तीत ‘निवासाची संपूर्ण सोय’ असे शब्द आहेत. अशाच एका संस्थेने आमच्याकडून निवास साहाय्याचे वेगळे शुल्क घेतले होते, आणि त्या साहाय्यात आम्हाला आले ते एक ई-मेल, ज्यात खोल्यांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांची यादी होती. तेव्हा आपण जाहिरातदारांकडून एवढेच लिहून घ्यावे की, त्यांनी दिलेल्या खोलीत पत्त्याची नोंद होईल आणि टपालपेटीवर विद्यार्थ्याचे आडनाव लावता येईल. ते लिहून द्यायला जो तयार होईल, त्याची जाहिरात खुशाल पानभर छापावी.

मुलगी अद्याप तिथेच शिकत असल्यामुळे माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक, कोथरूड, पुणे