बोगदा चुकला तर परदेशी स्क्रू काय करणार?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला गुडघ्याच्या लिगामेंटवरचा लेख छापण्याआधी कोणी तपासला होता का? ‘दुर्बिणीतून टाके घालून लिगामेंट जोडतात, तीन महिन्यांत खेळाडू मैदानात!’ पूर्ण तुटलेले एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी बांधून ठेवणारे पुढचे लिगामेंट, सहसा टाक्यांनी जुळत नाही. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि टोके सांधत नाहीत. म्हणून रुग्णाचाच स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून, तो दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून नवे लिगामेंट बांधावे लागते. यालाच ग्राफ्ट म्हणतात.

ग्राफ्ट हाडात पक्का धरणाऱ्या परदेशी स्क्रूचे कौतुक अर्धा रकाना, आणि बोगद्याबद्दल अवाक्षर नाही. सगळे तर तिथेच ठरते. मांडीच्या हाडातला बोगदा मूळ लिगामेंट चिकटलेले होते तिथेच, हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर, मागे आणि खाली हवा. नडगीच्या बोगद्यातूनच ड्रिल वर घालण्याच्या जुन्या पद्धतीत तो अनेकदा उंच जातो आणि ग्राफ्ट उभा बसतो. मग तपासताना नडगी पुढे ओढली तर गुडघा घट्ट लागतो, पण कबड्डीत पाय रोवून वळले की सटकतो. बोगदा पुढे सरकला तर वाकवताना ग्राफ्ट ताणतो. गुडघा तरी वाकत नाही, नाहीतर ग्राफ्ट सैल पडतो. त्याऐवजी गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्वचेत पाडलेल्या छिद्रातून ड्रिल करायचे तर गुडघा 120 अंशांच्या आसपास वाकवून धरावा लागतो. त्यात कसूर झाली की बोगदा आखूड होतो किंवा मागची भिंत फुटते. फुटलेल्या भिंतीत तुमचा तो परदेशी स्क्रू कशाला धरणार?

ग्राफ्टच्या जाडीचाही उल्लेख नाही. हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचे, दोन स्नायुबंध दुमडून चौपदरी केल्यावर निदान 8 मिमी भरावेत. त्याहून बारीक ग्राफ्ट तरुण खेळाडूंत तुटण्याचा धोका जास्त. काढतानाही घाई नडते. त्या दोनांपैकी सेमिटेंडिनोससचा एक पट्टा पोटरीकडे जातो. तो न सोडवता स्ट्रिपर, म्हणजे स्नायुबंध सोलून काढणारे हत्यार, रेटला की स्नायुबंध मध्येच कापला जातो. मग टेबलावर आखूड तुकडा आणि सर्जनची नजर दुसऱ्या पायाकडे!

राहिले तीन महिने. जुन्या पेशी मरून नवा रक्तपुरवठा येईपर्यंत, म्हणजे साधारण 6 ते 12 आठवड्यांत, ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. दुखणे मात्र तोवर थांबलेले असते, त्यामुळे लेखकमहाशयांची फसगत झाली असावी. किमान नऊ महिने आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्के, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय मैदान नाही.

आणि हो, लेखासोबतचा एक्स-रे सांधा बदललेल्या गुडघ्याचा आहे. दोन्ही हाडांवर धातूची टोपी ढळढळीत दिसते. एसीएलनंतर दिसले तर मांडीच्या हाडावर छोटेसे बटण दिसते, नाहीतर एखादा स्क्रू. पुढच्या अंकात निदान चित्र तरी बदला.

– एक अस्थिशल्यविशारद, सांगली