भीती नव्हे, युक्ती

निर्जन बेटावर किंवा रानात अडकलेल्या नायकांच्या कथा मुलांना भेदरवतात, म्हणून त्या देऊ नयेत, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख पटला नाही. अलेक्झांडर सेल्कर्क हा खलाशी १७०४ पासून चार वर्षांहून अधिक काळ प्रशांत महासागरातील एका बेटावर एकटाच होता. रात्री उंदीर पाय कुरतडत म्हणून त्याने मांजरे माणसाळवली, आणि कपडे विरल्यावर बकऱ्यांची कातडी शिवून अंगावर घातली. हे ऐकून माझी दहा वर्षांची नात घाबरली नाही. ‘सुई कुठून आणली?’ एवढेच तिने विचारले. (त्याने खिळा वापरला होता.) वयानुसार पुस्तक जरूर निवडावे, परंतु हा कथाप्रकारच कपाटाबाहेर ठेवण्याची सूचना मला मान्य नाही.

— एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा