साहेब, मृदा पत्रिकेत बेवडाचा रकाना कुठंय?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. माझ्या काळ्या रानाची मृदा आरोग्य पत्रिका परवा हातात आली. 12 रकाने आहेत: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, शिवाय सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सामू 8 च्या वर, कर्ब तळाला. खाली खताचे किलो लिहिलेत. पण त्या रानात गेल्या साली काय होतं, हे कुणी विचारलंच नाही. आमच्याकडं बांधावर आलेला म्हातारा आधी तेच विचारतो, "बेवड कशाचा?" म्हणजे आधीच्या कुठल्या पिकानं रान तयार करून ठेवलंय?

वडील मिरगात उडीद पेरायचे. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत रान मोकळं, कुळवाची पाळी घालून उत्तरा-हस्तात ज्वारी. उडदाच्या बेवडावरची ज्वारी लांबूनच ओळखू यायची, पान काळंभोर. तेव्हा ते का होतं हे कुणाला सांगता येत नव्हतं. आता ठाऊक आहे की मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. गाठ नखानं फोडली आणि आत तांबूस निघाली तर ती कामावर आहे, पांढरी निघाली तर रिकामी. उडदाला एकरी 10 किलो नत्र पुरतं, म्हणजे युरियाची जेमतेम अर्धी गोणी. पीक पिवळं दिसलं म्हणून आपण आणखी युरिया फेकतो आणि झाड गाठी धरायचंच सोडतं. आयतं मिळाल्यावर कोण राबतंय!

हरभऱ्याचं वेगळंच. आमची माती चुनखडीची, स्फुरद टाकला की चुन्यात अडकून बसतो. हरभऱ्याची मुळं आम्ल सोडतात आणि त्यातला थोडा सोडवून घेतात. सकाळी हरभऱ्यातून चाललं की धोतराला आंब लागते, ती पाल्यावरची. मुळाशीही तसाच कारभार चालतो, फक्त तो दिसत नाही.

बेवड म्हणजे जादू नाही, हेही सांगतो. नत्राचा मोठा वाटा दाण्याबरोबर बाजारात जातो. त्यात हरभरा मुळासकट उपटायचा, भुसकट गोठ्यात आणि तुराट्या चुलीत घालायच्या, मग रानाला राहिलं काय? विळ्यानं कापला तर मूळ तरी जमिनीत राहतं. आणि सोयाबीनवाल्यांनीही खूश होऊ नये. सोयाबीनही शेंगवर्गीयच, पण त्याच रानात दरसाल सोयाबीन आणि मागून हरभरा याला फेरपालट म्हणत नाहीत. हरभऱ्यात मर, म्हणजे उभं झाड वाळवणारा रोग, का वाढली, याचं एक उत्तर तिथं आहे.

मग लोक उडीद का सोडतात? शहाणपण कमी म्हणून नव्हे. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलतं. माझ्या उडदानं जमिनीत नत्र ठेवलं तर त्याचा कुणी रुपया देत नाही. 2025-26 चा उडदाचा हमीभाव 7,800 रुपये क्विंटल होता. पण काढणी नेमकी भाद्रपदाच्या पावसात. मी नेलेला माल ओलावा 12 टक्क्यांच्या वर म्हणून खरेदी केंद्रावरून परत आला आणि व्यापाऱ्यानं तो भाव पाडून घेतला. त्याच आठवड्यात खताच्या दुकानात युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली. पुढच्या साली मी सोयाबीन पेरलं. दोष द्यायचा तर मलाही द्या.

पत्रिकेत मागच्या दोन हंगामांच्या पिकांचा रकाना घाला आणि खताची मात्रा त्यावरून कमी-जास्त करा. बेवडाची मोजदाद करायला सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र स्वातंत्र्याच्या आधीपासून इथं आहे, त्यांना विचारा. उडीद-मुगाच्या खरेदी केंद्रांवर वाळवणीची सोय करा. बियाण्याला चोळायच्या जिवाणू खताची पाकिटं पेरणीआधी गावात पोचू द्या. आमच्याकडं ती येतात तेव्हा उडीद फुलावर असतो.

आपला,
बार्शी तालुक्यातला एक ज्वारीवाला