व्हिसाच्या फॉर्मपासून नाते लपवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी मित्र किंवा मैत्रीण गणपतीत, दिवाळीत पुण्याला यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न निघतो : लग्न तर झालेले नाही, मग बोलवायचे कोणत्या नात्याने? या संकोचापायी फॉर्मवर नको ते लिहिले जाते. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसात (ऑनलाइन मिळणारा पर्यटक व्हिसा; तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असतो) मित्रांना किंवा नातेवाइकांना भेटायला येणे हे मान्य कारण आहे. प्रियकर-प्रेयसीसाठी वेगळा प्रकार नाही आणि त्याची गरजही नाही. भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीच्या रकान्यात आपले खरे नाव, पत्ता आणि फोन द्यावा. कोथरूडच्या फ्लॅटवर उतरायचे असताना फॉर्मवर कुठल्या तरी हॉटेलचे नाव टाकू नये. इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारणा झाली, तर दोघांची उत्तरे जुळायला हवीत. नातेवाइकांना काय सांगायचे हा तुमचा प्रश्न, पण फॉर्मला खरेच सांगा.

अर्ज गव्ह डॉट इनने संपणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच करावा. हुबेहूब तशीच दिसणारी दलालांची संकेतस्थळे अव्वाच्या सव्वा पैसे घेतात. तीस दिवसांच्या व्हिसासाठी येण्याच्या ३० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, एक किंवा पाच वर्षांच्या व्हिसासाठी १२० दिवस आधीपासून. दोन्हींना किमान चार दिवस हाताशी हवेत. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने आणि दोन पाने कोरी असावीत.

मुदतीचा घोळ नेहमीचा आहे. मंजुरीपत्रावर दिसणारी तारीख ही ३० दिवसांच्या व्हिसात 'तोवर या' अशी असते. तीस दिवस मोजायचे ते भारतात उतरल्यापासून. एक आणि पाच वर्षांचा व्हिसा मात्र मंजुरीच्या दिवसापासून चालू होतो. ३० दिवसांचा व्हिसा वाढवून मिळत नाही. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा येणे होणार असेल, तर सरळ वर्षाचा काढावा.

अर्ज अडतात ते क्षुल्लक चुकांनी. आडनाव आणि नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे, मधले नाव गाळू नये. पासपोर्ट क्रमांकातले शून्य आणि इंग्रजी 'ओ' तपासावे. फोटो चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सावली नसलेला हवा. फी परत मिळत नाही. जोडीदाराच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे असेल, तर ई-व्हिसा चालत नाही. भारतीय दूतावासातून नेहमीचा व्हिसा घ्यावा लागतो. हे लपवले तर पुढे फार महागात पडते.

पुण्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पाहुणा घरी आल्यानंतरच्या कामाकडे. परदेशी नागरिकाला जो आसरा देतो, त्याने २४ तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवायचे असते. लोक याला अजूनही 'सी फॉर्म' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी जबाबदारी तीच आहे. ती फक्त हॉटेलांची नाही, घरगुती यजमानाचीही आहे. अडचण अशी, की आधी घराच्या कागदपत्रांसह खाते उघडावे लागते आणि ते मंजूर व्हायला वेळ लागतो. पाहुणा दारात उभा राहिल्यावर धावपळ केली तर २४ तास उलटून जातात. म्हणून तिकीट निघाले की खाते काढावे. भाड्याच्या घरात राहत असाल, तर घरमालकाशी आधीच बोलून घ्यावे. भरलेल्या फॉर्मची छापील प्रत जवळ ठेवावी.

याच भेटीत नोंदणी विवाह उरकू म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचे असल्याची नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागावे लागते. उतरल्यावर नोटीस दिली, तर ३० दिवसांच्या व्हिसात हे बसतच नाही. विवाह नोंदणी कार्यालयात चौकशी आधी करावी, तिकीट नंतर काढावे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे