एकाच पानाच्या रेखाटनांतून शायांमधला फरक दाखवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

काळसर निळ्या शायांपैकी रेखाटनासाठी कोणती घ्यावी, या माझ्या प्रश्नाला आपण एखादे नाव सुचवून सहज उत्तर देऊ शकला असतात. त्याऐवजी एकच वाळके पान आपण प्रत्येक शाईने, एकाच जातीच्या कागदावर आणि मधल्या मधल्या वेळी पेन स्वच्छ धुऊन पुन्हा पुन्हा रेखाटलेत व ते सारे कागद मला पाहायला पाठवलेत. या कष्टांबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

कापसाच्या बोळ्याने फासलेले शायांचे नमुने मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत पायलट या कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेतल्या शिन-काई व त्सुकि-यो, पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि रोरर उंड क्लिंगनरची सालिक्स या शाया सख्ख्या भावंडांसारख्या दिसू शकतात, कारण बोळ्याने बसणारा शाईचा थर बारीक निबाच्या रेघेत कधीच उतरत नाही. आपल्या पानावर मात्र हा सारखेपणा टिकत नाही. शिरांच्या एकेरी रेघांत शिन-काई करडेपणाकडे आणि त्सुकि-यो हिरवटपणाकडे झुकते. देठाजवळ आपण रेघांवर आडव्या रेघा ओढल्या आहेत, तिथे शाई साचून छटा गडद होते, आणि हा फिका-गडद चढउतार किती मोठा आहे, हेच रेखाटणाऱ्याला आधी कळायला हवे असते.

ओल्या कुंचल्याने पानाचा अर्धा भाग पुसून दाखवण्याची आपली कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. सालिक्स आणि पेलिकनची ती शाई या लोहयुक्त, म्हणजे मायफळ (ओक झाडावरची, टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली गाठ) व हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या जुन्या कृतीच्या वंशातल्या. त्यांतले लोह हवेतल्या प्राणवायूने बदलून टॅनिनवर्गीय द्रव्यासह पाण्यात न विरघळणारे काळसर संयुग बनवते. म्हणूनच पाणी फिरवल्यावर निळा रंग वाहून गेला, तरी करडी रेघ जागीच राहिली. हा बदल सावकाश होत असल्यामुळे आपण रेखाटने आधी नीट वाळू दिलीत आणि मगच पाणी लावलेत, ही काळजी मी विशेष नोंदवू इच्छितो. घाई झाली असती, तर तुलना या शायांवर अन्याय करणारी ठरली असती. इरोशिझुकूच्या शायांच्या रेघा पाण्याने मऊ झाल्या, पण त्सुकि-योने सोडलेली निळी-हिरवी झाक इतकी सुंदर आहे की तो दोष मानायला मी तयार नाही.

दिवसाच्या उजेडात जुळणाऱ्या दोन शाया दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात, म्हणून कागद दोन्ही प्रकाशांत पाहण्याची आपली सूचनाही मी पाळली. आता ज्या चित्रांवर जलरंग चढवायचे, त्यांच्या रेघांसाठी सालिक्स आणि निव्वळ पेनाच्या कामासाठी त्सुकि-यो, असे मी ठरवले आहे. लोहयुक्त शाई पेनात वाळू देऊ नये, हे आपण कागदामागे लिहून ठेवले आहे, तेही मी पाळीन.

याच पद्धतीने मी केलेली हिरव्या शायांची रेखाटने सोबत पाठवत आहे. सवडीने पाहून आपले मत अवश्य कळवावे.

आपला कृतज्ञ,
एक शाईप्रेमी