कॉक माझ्याही हातून उघडला

मोहाडी, ता. दिंडोरी
१९ जानेवारी

दत्तू,

फोन करणार होतो, पण हे फोनवर बोलवणार नाही. दिवाळीपासून तुला नुसतं 'बरं आहे' कळवतोय, त्याची लाज वाटते. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ताब्यात.

विहिरीकडच्या तुकड्यातले द्राक्षाचे मणी तडकले.

थॉमसन जातीचाच तो, मुरमाचा. मण्यांत पाणी उतरल्यापासून मी हात आखडता ठेवला होता. नत्र बंद, नाहीतर शेंडा चालतो. ठिबकातून फक्त शून्य-शून्य-पन्नास, ते पालाशचं खत, साखर भरावी म्हणून. व्यापाऱ्याला गोडी १८ ब्रिक्स हवी, मीटरला १६ च्या पुढे जाईना, म्हणून पाणी अजून तोडलं. खालच्या काळ्या रानात हे खपून जातं, तिथे ओल धरून राहते. मुरमात कुठली? आठव्या दिवशी दुपारी मणी दाबले तर रबरासारखे, घड मलूल. त्यात निफाडला पारा उतरल्याची बातमी. थंडीत पहाटे शेकोट्या पेटवून पाणी चालू ठेवतात, हे आपण पोरपणापासून बघतोय. मी रात्री नऊला ठिबकाचा कॉक उघडला आणि दोन वाजेपर्यंत बंद केला नाही.

सकाळी देठाजवळ बारीक चिरा. सुकलेल्या मुळांनी एकदम पाणी ओढलं, थंडीत पानांवाटे ते उडेना, गोड मण्याने सगळं पोटात घेतलं आणि साल फाटली. आठ दिवस रोज अर्धा-पाऊण तास दिलं असतं तर हे झालं नसतं. आठवीत सायकलच्या ट्यूबला 'अजून दोन पंप' म्हणत तू ती फोडलीस ना, माझीच सायकल, तो आवाज दिवसभर कानात होता. आता आंबूस वास सुटलाय, चिलटं आलीत. बाया चिरलेले मणी कात्रीने एकेक काढतायत.

तुझ्या बागेत हेच झालं, त्या वर्षी बांधावर उभं राहून मी काय म्हणालो होतो? 'वजनासाठी पाणी सोडलंस.' तेही नानांच्या समोर. तू म्हणालास, बाग सुकताना बघवेना. मी ते मानलं नाही. पुढच्या वर्षी तू रान वाट्याने दिलंस. काकू म्हणतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण काकू माझं मन राखतात हे मला कळतं. परवा रात्री कॉकवर हात होता तेव्हा वजन माझ्या मनाला शिवलंही नाही, दत्तू. नुसते ते लोंबणारे घड दिसत होते. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला होता. माफ कर. (ट्यूबचे पैसे मात्र तू देणं लागतोसच.)

पोरीची दहावी ना यंदा? वहिनींची बदली झाली का ते कळव.

खालचा तुकडा शाबूत आहे. त्याला रोज पहाटे थोडं थोडं पाणी देतोय, जमीन उकरून ओल बघूनच. दहा-बारा दिवसांत खुडा लागेल. तेव्हा दोन दिवस तरी ये. येताना नानांचं जुनं ब्रिक्स मीटर आण. माझं कमी दाखवतंय असा संशय येतोय, आणि तसं असेल तर वरच्या तुकड्याचं पाणी मी उगाचच तोडलं.

तुझा,
बापू